व्याह्याच्या हातची कलेजी

बोरीबायच्या पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजला तेव्हा अख्खं गाव हसलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने तोच. उभा जन्म घोड्यांच्या कळपामागे गेलेला, मांस, कलेजी आणि दाट रश्शावर पोसलेला गडी. "खात्यापित्या घरचं दुखणं आहे," म्हणायचा आणि लंगडत खोगिरावर चढायचा.

मग चढणीला धाप लागायला लागली. पाय सुजले. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्याचं हसू गेलं.

"मूत्रपिंडं नीट गाळत नाहीत, म्हणून युरिक ॲसिड रक्तात साचतंय," त्या म्हणाल्या. "ते अंगठ्यात बसलं की तुम्ही ओरडता. रक्तवाहिन्या ओरडत नाहीत, मुकाट्याने ताठ होतात. मग रक्त ढकलता ढकलता हृदय जाड होतं. तुमचं झालंय. यात ॲसिडचा दोष किती आणि मूत्रपिंडांचा किती, हे मला सांगता यायचं नाही. पण कलेजी बंद."

"एक घासही नाही?"

"एका घासाने कोणी मरत नाही. तुम्ही एकावर थांबलाय कधी?"

खोटं कशाला बोला, नव्हता थांबला. मागच्या सणाला 'एकच' म्हणत परात पुसली आणि पहाटे दवाखाना गाठला.

आणि आता धाकट्या लेकीचं, झिबेकचं लग्न ठरत होतं. त्यांच्यात व्याह्यांनी एकमेकांना मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी भरवली की सोयरीक पक्की. नाही म्हणणं म्हणजे सोयरीक मोडणं. त्यात या पठ्ठ्याने व्याह्यांपासून दुखणं लपवलेलं. आजाऱ्याची पोर कोण करणार, ही धास्ती.

"बाबा, तुम्ही खाल्लंत तर मी लग्न करणार नाही," झिबेकने आदल्या दिवशीच बजावलं होतं.

"आणि नाही खाल्लं तर होणार नाही," म्हणून तो घोड्यांकडे निघून गेला.

परात आली. वाफाळती. व्याही शोकानने चांगला मुठीएवढा घास उचलला. "आ करा, व्याहीबुवा! लाजताय काय नव्या नवरीसारखे?"

बोरीबायच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने दाराकडे पाहिलं; पडद्याआड झिबेकचे पाय दिसत होते, अगदी स्तब्ध.

"मला चालत नाही," तो म्हणाला. "मूत्रपिंडं गेलीत. हृदयही बिघडलंय. तुमच्यापासून लपवलं. आता काय ते तुम्ही ठरवा." शरमेने त्याची मान वर होईना.

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शोकानने हातातला घास स्वतःच्या तोंडात कोंबला, सावकाश चावून गिळला.

"तुमच्या वाटचा मी खाल्ला," तो म्हणाला, आणि चरबीने बरबटलेले दोन्ही हात बोरीबायच्या गालांवर, मिशांवर खसाखसा चोळले. "जुनी माणसं असंच करायची. तोंडाला लागलं म्हणजे खाल्लं! कोण नाही म्हणतंय बघू!"

हसण्याने घर दणाणलं. बोरीबाय मात्र रडत होता, आणि चरबीमुळे ते कुणाला कळलं नाही.

पाहुणे गेल्यावर त्याची बायको कनीपा ओला फडका घेऊन आली.

"पुसा ते तोंड. आणि मिशा चाटू नका, माझं लक्ष आहे."

"नाही चाटत," तो म्हणाला. "पण राहू दे एवढ्यात. झिबेकला बघू दे आधी."