भिंतीवरचा संकल्प

माजरीच्या कोळसाखाणीच्या वसाहतीतील आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीने यंदाचा संकल्प लिहिण्याचे काम मजकडे सोपविले, याचे कारण एवढेच की मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले. पाळक महिन्यातून दोनच रविवार येतात. वस्तीची आध्यात्मिक गरज कोणती आणि मंडळी ती कशी भागविणार, हे मोजक्या शब्दांत उपासनागृहाच्या भिंतीवर रंगवावे, असे पंचांनी ठरविले होते.

मला शब्द घाईने वापरता येत नाहीत. प्रार्थनासुद्धा मी आधी लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो आणि मगच वाचतो. परमेश्वरापुढे कच्चे वाक्य ठेवणे म्हणजे मळक्या हातांनी प्रभुभोजनाची भाकर घेणे, असे मला वाटत आले आहे.

एका रविवारी संकल्पाचा पहिला मसुदा ऐकून खाणीतून निवृत्त झालेले एक पंच हसले. "गुरुजी, देवाले समजन हे. आमाले कोन समजावून सांगन?"

मीही हसलो. त्याच दिवशी उपासनागृहाच्या दाराशी, नेहमी मागच्या बाकावर बसणारी एक बाई थांबली होती. तिचे पती खाणीत होते; आता छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. ते कधी उपासनेला आले नव्हते.

"गुरुजी, एकडाव घरी या ना. मालक रोज इचारून राह्यले, कोनी येते का म्हनून."

"येतो. त्यांच्यासाठी नीट प्रार्थना लिहून आणतो."

"लिहाले कायले पाह्यजे जी? नुसते बसा."

तो तिचा भोळेपणा आहे, असे मी समजलो. सकाळी संकल्प आणि दुपारी तिच्या पतीसाठी प्रार्थना, असा माझा क्रम सुरू झाला. प्रार्थना एका जागी अडली. ज्याचा अंत दिसतो आहे त्याच्यासाठी आरोग्य मागावे, तर ते खोटे. शांत मरण मागावे, तर पत्नीसमोर ते कसे उच्चारावे? दर रविवारी ती विचारी, "झालं का जी?" आणि मी म्हणे, "होत आले."

पाचव्या रविवारी भिंत तयार होती. 'या वस्तीतील एकही घर प्रार्थनेविना राहू नये.' पाळकांनी तो संकल्प वाचला, सर्वांनी आमेन म्हटले. मागचा बाक रिकामा होता.

उपासना संपताच मी घडी केलेला कागद घेऊन निघालो. तिच्या अंगणात धुतलेली खाट उन्हात उभी करून ठेवली होती.

"शुक्रवारी गेले," ती म्हणाली. "लय वाट पाह्यली तुमची. मंग मीच म्हटलं, देवा, यायले जवळ घे आता, दमले हे." मग तिने विचारले, "असं म्हननं बरोबर हाय ना जी?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. चार आठवड्यांत मला जे वाक्य सापडले नव्हते, ते हेच होते.

"आनलं हाय त वाचा."

मी वाचले. डोक्यावर पदर घेऊन तिने शेवटपर्यंत ऐकले. प्रार्थना अडली होती तिथेच कागद संपला, हे तिला उमगले नाही. मी घडी घातली तेव्हा तिने आमेन म्हटले.

त्यानंतर ती उपासनेला आली नाही. दर शनिवारी मी ओल्या फडक्याने भिंतीवरच्या त्या अक्षरांवरची कोळशाची धूळ पुसतो. अक्षरे स्वच्छ दिसतात. घरी या, असे मला आता कोणी म्हणत नाही.