वाढत्या अंगाचं दार

डॉ. वासंती खरवंडीकर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते दोनच शब्द होते. "कान चुकलेत."

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका शाळेच्या जिममध्ये आमचा गणेशोत्सव होता. मखराच्या दोन्ही बाजूंना मी थर्माकोलचे हत्ती उभे केले होते आणि गाडीच्या वायपरच्या मोटारी लावून त्यांच्या सोंडा हलत्या ठेवल्या होत्या. येणारा-जाणारा कौतुक करत होता आणि मी कॉलर ताठ करून शेजारी उभा होतो. तेवढ्यात निळं जाकीट घातलेल्या एक बाई आल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हत्ती वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि निकाल दिला.

"हे आफ्रिकन हत्तीचे कान आहेत. आपल्याकडच्या हत्तीचे एवढे मोठे नसतात."

"पण गणपतीला शूर्पकर्ण म्हणतातच की," मी हटलो नाही.

"गणपतीचं गणपतीपाशी. मी हत्तीचं सांगते आहे." मग त्या हत्तीच्या मागे गेल्या आणि वाकून मोटार पाहिली. "ही कोणी बसवली? तू? काम काय करतोस?"

मिनीव्हॅनच्या सरकत्या दारांचं डिझाइन करतो, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "मग रविवारी ॲन आर्बरला ये घरी. मला दारं हवी आहेत."

आरती संपायच्या आत आमच्या मंडळातल्या एका काकूंनी मला सावध केलं, "अरे, त्या हत्तींच्या डॉक्टर आहेत. सांभाळून. एकदा गेलास की सुटका नाही." काकूंचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. वासंतीताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात एका मोटारवाल्याचा लेख कसा काय, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी एवढा खुलासा पुरेसा आहे.

ताईंच्या कामाबद्दल त्यांचे सहकारी अधिकाराने लिहितीलच. मला समजलं तेवढं मी साध्या भाषेत सांगतो. हत्तींचा कळप हा बायकांचा संसार. आजी, आई, मावश्या, मुली आणि लहान पोरं. मुलगा वयात येऊ लागला की त्याला हळूहळू कळपाबाहेरची वाट दाखवली जाते. जंगलात तो इतर नरांबरोबर हिंडतो, मोठ्यांकडून टक्केटोणपे खातो आणि शहाणा होतो. प्राणिसंग्रहालयात मात्र बाहेरची वाट म्हणजे पुढची भिंत. युरोपातल्या झूंमध्ये हत्तींची वीण चांगली होऊ लागली, तेव्हा मुलगेही होऊ लागले आणि ते मोठे झाल्यावर ठेवायचे कुठे हा प्रश्न उभा राहिला. "आमच्यात सगळं उलटं," ताई म्हणतात. "मुलगी झाली की पेढे आणि मुलगा झाला की मीटिंग!"

या मुलांना एकेकटं कोंडून न ठेवता त्यांचे वेगळे गट करावेत आणि प्रत्येक गटात शिस्त लावणारा एक प्रौढ नर असावा, यासाठी जी थोडी माणसं हट्टाने झटली त्यांत ताई आहेत. मिशिगनमधली नोकरी सांभाळून त्या वर्षानुवर्षं सुट्टीत युरोपातल्या झूंना सल्ला द्यायला जात राहिल्या. निवृत्तीनंतर तर त्यांची बॅग कायमच भरलेली असते. मी पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेला आणि नोव्हायला आल्यावर पाच जणांत एक अपार्टमेंट वाटून घेतलेला माणूस. ताईंनी गटाची व्यवस्था समजावून सांगितली, तेव्हा मला एक अक्षरही कठीण गेलं नाही. फक्त आमच्या अपार्टमेंटमध्ये शिस्त लावणारं कोणी नव्हतं, आणि ते आमच्या सिंककडे बघून कुणालाही कळलं असतं.

ताईंचा एक नियम सगळ्या युरोपात प्रसिद्ध आहे. मुलगा कळपातून कधी काढायचा ते आई ठरवते. कॅलेंडर नाही, डायरेक्टर नाही आणि ताईसुद्धा नाहीत. आईने त्याला जेवणाच्या जागेवरून किती वेळा ढकललं, रात्री तो तिच्यापासून किती लांब झोपला, याची कीपर लोकांनी वही ठेवायची आणि तिच्या मनाची खात्री झाली की मगच ट्रकला फोन करायचा.

हा नियम कुठून आला ते ताईंनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी, इथल्याच, अमेरिकेतल्या एका झूमध्ये, ठरलेल्या तारखेला एक पाच वर्षांचा नर हलवायच्या कागदावर त्यांनी सही केली होती. तो अजून आईला चिकटलेला होता. जिथे गेला तिथे तो बिथरला. पुढे त्याचं कुणाशीच जमलं नाही आणि तो आजतागायत एकटा राहतो. दर वर्षी हॅलोविन झाला की ॲन आर्बरमधले ताईंचे शेजारी आपापले सजावटीचे भोपळे त्यांच्या पायऱ्यांवर आणून ठेवतात. ताई ते गाडीत भरतात आणि काही तास ड्राइव्ह करून त्याला खाऊ घालायला जातात. मी एकदा बरोबर गेलो होतो. त्याने सोंड पुढे केली आणि ताईंनी कठड्याच्या अलीकडून भोपळा दिला. परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, "सही माझी होती रे."

आता बाळ्याची गोष्ट. युरोपातल्या कागदपत्रांत त्याचं नाव लांबलचक आहे, पण ताई त्याला बाळ्याच म्हणतात. तो सहा वर्षांचा असताना त्याच्या झूमध्ये जागेची चणचण झाली आणि त्याला लगेच हलवा अशी घाई सुरू झाली. ताईंनी साफ नकार दिला, कारण बाळ्याच्या आईच्या वहीत एकही ढकलणं नव्हतं. मात्र तो पुढे जिथे जाणार होता, त्या दुसऱ्या झूमधली तयारी आत्ताच सुरू करू, असं त्यांनी सुचवलं. तिथे दोन तरुण नर होते आणि एक वयस्क, ज्याचं ताईंनी हेडमास्तर असं बारसं केलं होतं. तिथली दारं आणि मधली भिंत डिझाइनसाठी माझ्याकडे आली. मी हे काम शनिवार-रविवारी, हौसेने करत होतो.

त्या भिंतीत एक फट ठेवायची होती. लहान नर तिच्यातून निसटून पलीकडे जाईल, पण हेडमास्तरांचं धूड अडकेल एवढीच. धाकट्याला पळायची जागा असली की मोठ्याचा धाक सुसह्य होतो. मी झूला मेल केली, 'कृपया फायनल डायमेन्शन कळवा.' त्यांनी बाळ्याचं माप घेऊन पाठवलं. मी त्यात थोडी मोकळीक धरली, ड्रॉइंग केलं, ताईंनी ते पाहिलं आणि भिंत उभी राहिली.

इकडे बाळ्याच्या आईने मनाशी ठरवायला आणखी दोन वर्षं घेतली. एकदाचं वहीत ढकलणं आलं, मग रोज येऊ लागलं आणि आठ वर्षांचा बाळ्या ट्रकमधून नव्या जागी पोचला. हेडमास्तर आणि ते दोन तरुण नर अजून दाराआड होते. बाळ्या एकटाच आवारात फिरला, फटीपाशी आला, डोकं घातलं आणि खांद्याशी अडकून थांबला. मागे सरकला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अडकला.

मी जन्मभर गाड्यांची दारं केली. गाडी वाढत नाही. हत्तीचं पोर दोन वर्षांत वाढतं, हे माझ्या आणि त्या ड्रॉइंगवर सह्या करणाऱ्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं.

झूच्या मॅनेजरनी व्हिडिओवर मीटिंग घेतली. भिंत कापायला तीन आठवडे लागणार होते आणि हेडमास्तर लवकरच माजावर येतील अशी चिन्हं दिसत होती. नर माजावर आला की महिनोन्‌महिने त्याच्याजवळ नवखा सोडता येत नाही. म्हणजे तोवर बाळ्या एकटा, कारण हेडमास्तरांच्या धाकाशिवाय त्याला त्या दोघा तरुणांतही सोडायचं नव्हतं. त्यापेक्षा फटीशिवायच उद्या दोघांची गाठ घालून द्यावी, असं मॅनेजरचं मत पडलं. माप कोणी चुकवलं, असंही त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "ड्रॉइंग मी पास केलं होतं. चूक माझी धरा." मग त्या इतक्या हळू बोलल्या की मॅनेजरना स्पीकरचा आवाज वाढवावा लागला. "पळायला जागा नसताना मी त्याला आत सोडणार नाही. एक पोर माझ्या सहीने एकटं पडलं आहे. दुसरं पडू देणार नाही. भिंत कापा. मी येते."

कॉल संपल्यावर मी माफी मागायला फोन केला, तर ताईंचं हसू आवरेना. "अरे, फायनल डायमेन्शन कसलं मागतोस? तो ग्रो होतोय ना! तुझी आई शाळेचा युनिफॉर्म कसा घ्यायची?"

"वाढत्या अंगाचा."

"मग! चल, तिकीट बुक कर."

आम्ही दोघेही गेलो. दिवसा भिंत कापली जात होती आणि रोज सकाळी ताई एक वेगळाच उद्योग करवत होत्या. हेडमास्तरांची लीद बाळ्याच्या आवारात आणि बाळ्याची हेडमास्तरांच्या आवारात. चेहरा दिसण्याआधी वासाने ओळख व्हावी म्हणून. ढकलगाडी ओढायचं काम माझ्याकडे होतं. प्रमुख कीपर योहान यांनी मला विचारलं, "तुम्ही अमेरिकेत इंजिनिअर आहात ना?" मी म्हटलं, "तिकडे आहे. इथे प्रायश्चित्त घेतोय."

माजाची चिन्हं अजून चिन्हंच होती तेवढ्यात फट मोठी झाली. ज्या दिवशी दार सरकलं, त्या दिवशी आम्ही वरच्या सज्ज्यावर उभे होतो आणि ताईंनी माझ्या बाहीचं टोक मुठीत धरलं होतं. हेडमास्तर डुलत बाहेर आले. बाळ्याने शेपूट वर केली, किंचाळला, धूम ठोकली आणि फटीतून सुळकन पलीकडे. हेडमास्तरांनी कपाळ फटीला टेकवलं, ते आत जाईना. ते तिथेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने बाळ्या पाऊल पाऊल पुढे आला आणि त्याने आपल्या सोंडेचं टोक हेडमास्तरांच्या तोंडात घातलं. धाकट्याने थोरल्याला करायचा हा नमस्कार. योहान आनंदाने ओरडले. ताईंनी माझी बाही सोडली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "इथे बरा चहा मिळतो का रे कुठे?"

ताईंची माया आमच्या घरानेही अनुभवली आहे. इरा जन्मली तेव्हा माझ्या सासूबाईंचा व्हिसा अडकला होता. ताई न बोलावता सूटकेस घेऊन आल्या आणि पाच आठवडे राहिल्या. डिंकाचे लाडू केले, माझी पत्नी मानसी हिला झोपू दिलं आणि इराची एक वही ठेवली. वही हत्तीच्या पिल्लांच्या छापील नमुन्यातली होती. 'पिल्लू उभं राहिलं का?' या रकान्यात रोज 'अजून नाही' असं लिहिलेलं आहे. 'आई शांत आहे का?' या रकान्यात पहिल्या आठवड्यात 'नाही' आणि नंतर 'हो' आहे. मानसीने ती वही दागिन्यांबरोबर ठेवली आहे.

बाळ्या सहा वर्षं त्या गटात राहिला. हेडमास्तरांकडून त्याने चिक्कार बोलणी खाल्ली आणि तो एक समजूतदार, तगडा नर झाला. मग तिसऱ्या एका झूमधल्या कळपात त्याला जावई म्हणून बोलावणं आलं. त्यानंतर हत्तिणीच्या गर्भारपणाचं बावीस महिन्यांचं गणित असतं, आणि आम्ही वाट पाहत राहिलो.

यंदा जानेवारीत एका शनिवारी सकाळी आम्ही ॲन आर्बरला ताईंच्या स्वयंपाकघरात पोहे खात होतो. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. योहान यांचा व्हिडिओ आला. ओलं, केसाळ, चारही पाय चार दिशांना जाणारं पिल्लू. आता दहा वर्षांची असलेली इरा फोनला नाक लावून बघत होती. ती ओरडली, "आजी, इट्स अ बॉय!"

ताई खुर्चीवर मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "पुन्हा मुलगा! आता पुन्हा मीटिंग!" तरीही त्यांनी डबा उघडला आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. ते आधीच करून ठेवलेले होते. मग त्या बोटांवर मोजू लागल्या. "आठ वर्षं. किंवा नऊ. याच्या आईने ढकललं की मी चौऱ्याऐंशीची. निखिल, दार काढायला घे. आणि या वेळी माप नीट घे हं."

ताई, ड्रॉइंग सुरू केलं आहे. भिंत काढली, दारं काढली, फटही काढली. फटीच्या मापाची जागा मात्र कोरी ठेवली आहे. ते माप आत्ता घ्यायचं नसतं, एवढं मी तुमच्याकडून शिकलो. त्याची आई ठरवेल त्या दिवशी, तुमची तब्येत अशीच ठणठणीत असताना, त्याच निळ्या जाकिटात, सज्ज्यावर माझी बाही धरून उभ्या राहा आणि ते माप तुमच्या हाताने भरा. ढकलगाडी मी ओढतो.