सुभद्राबाईंची मऊ बॅटरी

सुभद्राबाई परबांच्या छातीत त्यांच्या नातीने विजेचा मासा सोडलाय, अशी बातमी चिंचपोकळीच्या चाळीत पसरली, तेव्हा शेजारच्या दर्शनाने त्यांच्या हातून प्रसाद घेताना मध्ये पदर धरला. दर्शनाच्या पदराला धोका नव्हता. छातीत होता तो साधा पेसमेकर, आणि त्याची बॅटरी संपत आली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबू नका, बदलून घ्या. सुभद्राबाई थांबल्या होत्या.

मासा आला तो नातीच्या बोलण्यातून. प्राची परळला एका प्रयोगशाळेत बॅटऱ्या करते. वीज देणाऱ्या माशावरून सुचलेल्या: मिठाच्या पाण्याचे मऊ थेंब, साबुदाण्याहून बारीक, एकाला एक चिकटवलेले. धातूची डबी नाही, अंगात टोचणार नाही. "एक दिवस पेसमेकर यावर चालतील, आजी," असं ती जेवताना बोलून गेली. सुभद्राबाईंनी 'एक दिवस' तेवढं सोडून दिलं.

गिरण्या चालू होत्या तेव्हा या बाईने एका खोलीत खानावळ चालवली. नवरा लवू गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि पंगतीला त्याच्याच खात्यातले गाववाले. नवं काही रांधलं की पहिला घास घरच्याने खायचा. पोट बिघडलं तर आपलं बिघडू दे, मग परक्याला वाढायचं. एकदा शिंपल्यातल्या खराब तिसऱ्या खाऊन त्या स्वतः आडव्या झाल्या, पंगत वाचली. तोच नियम त्यांनी नातीच्या बॅटरीला लावला. परक्याच्या छातीत जाण्याआधी ती घरच्या छातीत जायला हवी. पण हे त्या कुणाला बोलल्या नाहीत.

मग एका सकाळी कपडे वाळत घालताना त्या गॅलरीतच कोसळल्या. प्राचीने उचलून खाटेवर निजवलं, तोंडावर पाणी शिंपडलं. डोळे उघडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "गो, तुजी झाली काय?"

"काय झाली?"

"बॅटरी. पयली माज्यात घालूची ना?"

प्राची खाली जमिनीवरच बसली. आजीने डॉक्टरांना एवढं का टाळलं, ते आत्ता तिला कळलं.

"आजी, ती अजून उंदरांवरच चाललीय. माणसापर्यंत यायला कितीतरी वर्षं लागतील."

"म्हंजे पयलो घास उंदरान खाल्ल्यान?"

प्राचीला हसू आलं नाही. सुभद्राबाई भिंतीकडे बघत राहिल्या. मरणाची भीती त्यांनी कधी दाखवली नव्हती, आताही नाही. पण नातीने केलेलं पहिलं आपल्या वाट्याला येणार नाही, आणि त्याची वाट बघण्यात जीव मात्र जायची वेळ आली, हे गिळायला त्यांना वेळ लागला. प्राचीचा हात त्यांनी धरूनच ठेवला होता.

"आज हॉस्पिटलात जायचं का?" प्राचीने घाबरत विचारलं.

सुभद्राबाई म्हणाल्या, "जावया. तुजी तयार होईपर्यंत माका जगूक व्हया. तवसर डॉक्टराक त्येची कडक बॅटरी घालूंदे."