जावईबापूंची शीर

नर्सिंगच्या शाळेत मोठ्या सिस्टर अठ्ठावीस वर्षं सुई टोचायला शिकवत होत्या. प्रत्येक मुलीची पहिली सुई त्या स्वतःच्याच हातात टोचून घ्यायच्या. "माझ्या तोंडाकडे लक्ष ठेव," म्हणायच्या. दुखलं तर लपवायच्या नाहीत, चांगल्या कळवळायच्या. ती मुलगी मग जन्मात कुणाला धसमुसळेपणानं टोचत नसे. सिस्टरांच्या हातांची चाळण झाली, पण मुलींचे हात तयार झाले.

मग डायरेक्टर एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि पाठोपाठ रबराचा रोगी आला. तो श्वास घ्यायचा, कण्हायचा, सुई नेमकी बसली की त्याच्या उशाशी हिरवा दिवा लागायचा. त्याला एसीची खोली, हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही, दुपारी दोन तास विश्रांती. मुलींनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. खऱ्या रोग्यांच्या वॉर्डातले पंखे सहा महिने बंद होते, त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

खोटं कशाला बोला, जावईबापूंचा उपयोग होता. बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती कशी दाबायची, हे धडधाकट माणसावर शिकवता येत नाही. सिस्टर इतकी वर्षं ते उशीवर शिकवत, आता त्याच्यावर आनंदानं शिकवू लागल्या. पण उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. डायरेक्टरांनी सुईचा तास आणि परीक्षाही जावईबापूंकडे दिली. त्यांची शीर रोज एकाच जागी, त्यामुळे मुलींना सरासरी शहाण्णव टक्के पडले. सिस्टरांची गरज संपली. त्यांना कोठीत चादरी मोजायला बसवलं. घरी बहिणीपाशी त्या रडल्या. शिकवणं गेलं म्हणजे आपलं सगळंच गेलं, म्हणाल्या.

महिन्याभरानं डायरेक्टरांच्या मातोश्री वॉर्डात दाखल झाल्या. अंगातलं पाणी आटलेलं, हात वाळलेले, सलाईन ताबडतोब लावायचं होतं. डायरेक्टरांनी मोठ्या ऐटीत परीक्षेत पहिली आलेली मुलगी बोलावली. तिनं चार ठिकाणी टोचलं आणि चारही वेळा उशाकडे पाहिलं.

"अगं, तिकडे काय बघतेस?" म्हातारी विव्हळत म्हणाली. "हात इकडे आहे माझा."

डायरेक्टरांचं तोंड एवढंसं झालं. कोठीत निरोप गेला. सिस्टर आल्या, गरम फडक्यानं हात शेकला, नातवंडांची चौकशी करत बोटांनी शीर चाचपली आणि एका सुईत काम केलं. डायरेक्टर खूश झाले. उद्यापासून आईला फक्त तुम्हीच टोचायचं, असं त्यांनी फर्मान काढलं.

सिस्टरांचं डोकं फिरलं, तरी आवाज त्यांनी चढवला नाही. "साहेब, या वॉर्डात अजून तीस जण आहेत. तेही कुणाचे तरी आईबाप आहेत. मी एकटी कुठे कुठे पुरणार? माझ्या मुली मला परत द्या."

डायरेक्टर विचारात पडले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. सुईचा तास सिस्टर घेतील, डायरेक्टरांच्या मातोश्रींना घरी सोडेपर्यंत.

सिस्टरांनी ती दोनदा वाचली. एखादा रोगी लवकर बरा होऊ नये, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आणि स्वतःचीच भयंकर लाज वाटली.