बांगडीतली सेफ्टी पिन

माझे तळपाय पेटले तेव्हा आम्ही टेमघरला राहत होतो आणि हे कापडाच्या लूमवर शिफ्टला जायचे. पेटले म्हणजे पेटलेच. चादर लागली तरी सोसत नसे. भरदुपारी मोरीच्या ओल्या फरशीवर पाय टेकवून मी रडत बसायचे.

डॉक्टरांनी शुगर बघितली, नसांची मशीनवर तपासणी करवली. सगळं नॉर्मल. मग ते माझ्याशी नाही, ह्यांच्याशी बोलले, "पायात काही नाही. मनाचं आहे. यांना टेन्शन घेऊ देऊ नका." मला दिल्या झोपेच्या गोळ्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

"कामाचा कंटाला, दुसरा काय न्हाय," सासूबाई म्हणाल्या. पुढे पुढे मलाच भीती वाटू लागली, आपल्याला वेड तर लागत नाहीये?

मग ह्यांचेही पाय पेटले. वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. आता तरी माझं खरं ठरेल! तेच डॉक्टर, तीच मशीन, तसाच नॉर्मल रिपोर्ट. पण ह्यांना ते म्हणाले, "कामाचा माणूस उगाच पाय धरून बसणार नाही." लगेच ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

मी सोबत गेले, पिशवी धरायला. मोठ्या डॉक्टरांनी ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला सुई टोचली. ह्यांना कळलंसुद्धा नाही.

"मशीनला फक्त जाड नसांचं कळतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या बारीक नसा बिघडल्यात. आग होते, पण टोचलेलं कळत नाही."

माझ्या बांगडीत कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली असायची, पदराला लागते म्हणून. ती काढली आणि स्टुलावर बसल्या बसल्या स्वतःच्या अंगठ्यात खुपसली. काही नाही. अजून आत खुपसली. काहीच नाही.

"डॉक्टर, मला पण टोचून बघा ना," मी म्हणाले. "ह्यांच्या आधीपासून होतंय मला."

ते हसले. "नवऱ्याचं बघून बायकांना तसंच वाटायला लागतं, ताई. टेन्शन घेऊ नका."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली.

बाहेर आले तर नर्सचं लक्ष माझ्या चपलेकडे गेलं. चप्पल रक्ताने माखली होती.

"अगं बाई, केवढं लागलंय! दुखत नाही का हो?"

"नाही," मी म्हणाले. "तेच तर सांगतेय."