ओव्हनवरचा झेंडू

नववीत शाळा सुटली. भंडाऱ्याकडून इतक्या लांब आलो तो इचलकरंजीला, यंत्रमागावर कामाला. पण मागाच्या आवाजानं छाती धडधडायची, सुट्टीच्या दिवशीही. ओळखीतल्या एकानं कोल्हापुरात एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात काचसामान धुवायला लावलं. कंत्राटी काम. तिथं आवाज नव्हता, पण भीती होतीच. काच फुटेल, काही सांडेल, उद्यापासून येऊ नको म्हणतील.

विभागात एक जुने शिपाई होते, सगळ्यांचे मामा. ते मला पहिल्या दिवशी ‘पावणं’ म्हणाले आणि पुढं वर्षं गेली तरी पावणंच राहिलो. डब्यातली अर्धी भाकरी मात्र रोज माझ्यापुढं सरकवायचे.

आणि पीएच.डी. करणाऱ्या एक ताई होत्या, मलकापूरच्या. वयानं माझ्याहून लहान, पण मी ताई म्हणायचो, त्या मला दादा म्हणायच्या. मी धुताना त्या शेजारी उभ्या राहून स्वतःचं काम सांगायच्या. मला कळतंय की नाही, याची चौकशी न करता सांगायच्या, हे मला फार बरं वाटायचं. धातूचे अणू म्हणजे खांब, त्यांना जोडणारे रेणू म्हणजे वासे, आणि मध्ये नुसत्या रिकाम्या खोल्या. अशा घरांची पांढरी भुकटी, तिचा एकेक कण डोळ्याला दिसणार नाही एवढा बारीक. पण चिमूटभर भुकटीतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर पेठेच्या पोरांना फुटबॉल खेळता येईल एवढी जागा होते. त्या खोल्यांत औषध भरायचं, म्हणजे ते शरीरात एकदम न सुटता हळूहळू सुटेल. त्याआधी खोल्या रिकाम्या हव्यात. त्यासाठी भुकटी ओव्हनमध्ये ठेवायची, पंपानं आतली हवा ओढत राहायची. या भुकटीचं हवेतल्या दमटपणाशी वाकडं होतं. पाणी आत शिरलं की खांबच निखळतात.

त्यांची शिष्यवृत्ती दिवाळीत संपणार होती. त्याआधी भुकटी आतल्या रिकाम्या जागेच्या मोजणीला पुण्याला जायला हवी होती. तिथला नंबर महिनोन्महिने थांबून लागलेला. आकडा चांगला आला तर त्यांचे मार्गदर्शक, आमचे विभागप्रमुख सर, मुदत वाढवून घेणार होते. नाही तर मलकापूर. घरचे स्थळं बघत होतेच.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी भुकटी ओव्हनमध्ये ठेवली, दारावर ‘बंद करू नये’ अशी इंग्रजी चिठ्ठी चिकटवली आणि सणाला गावी गेल्या.

सकाळी मामांनी मला झेंडू आणायला पाठवलं. परत आलो तर यंत्रं पुसून झाली होती, हळद-कुंकू लागलं होतं. ओव्हनचा दिवा विझलेला, पंप गप्प, दार उघडं. चिठ्ठी पुसण्याच्या फडक्यात गोळा झाली होती. मी विचारलं तर मामा म्हणाले, “आज यंत्रास्नी इसावा असतोय, पावणं. माणसाला सुट्टी आन् त्यास्नी न्हाय व्हय?”

आदल्या रात्रीपासून पाऊस लागून राहिला होता. भिंतींनासुद्धा ओल आली होती. मी दार लावलं, बटण दाबलं, पंप सुरू केला. ताईंना फोन लावत राहिलो, रेंज नव्हती. दुपारी त्यांचाच आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, राहू द्या चालू. दसऱ्याच्या दिवशी पहिल्या एसटीनं आल्या.

भुकटी दिसायला तशीच होती. तशीच पांढरी, तशीच हलकी. मला वाटलं, वाचली. त्यांनी मान हलवली आणि तरीही ती पुण्याला पाठवली. आकडा आला तेव्हा त्या कागदाकडं बघत बसल्या होत्या. घर बाहेरून उभं, आतले खांब पडलेले.

भुकटीला ओल लागली हे सरांनी आकड्यावरून ओळखलं आणि सगळ्यांना बोलावून विचारलं, ओव्हन कुणी बंद केला. मामा त्या वेळी चहा आणायला गेले होते. त्यांच्या निवृत्तीला काही महिनेच उरले होते. माझं कंत्राट दर वर्षी सरांच्या सहीवर चालायचं. एवढ्यात ताई बोलल्या.

“गावी जाताना मीच बंद केला, सर. गडबडीत लक्षात राहिलं नाही.”

सर त्यांना पुष्कळ बोलले. एवढा निष्काळजीपणा असेल तर मुदत कशाच्या जोरावर मागू, म्हणाले. त्या खाली बघून ऐकत राहिल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “मामांना कळू देऊ नका, दादा.” मी त्यांचे आभारही मानले नाहीत. दिवाळीच्या आधी त्या सामान घेऊन गेल्या. आता तिकडं शिकवण्या घेतात असं कानावर आलं. ते काम त्यांच्यामागं कुणी हाती घेतलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मामा निवृत्त होऊनही आले. सवयच ती. हातात झेंडूची पुडी. एकेका यंत्राला फूल वाहत ओव्हनपाशी आले आणि थांबले.

“ती मलकापूरची पोरगी दिसंना. झालं न्हवं तिचं काम?”

“झालं, मामा.”

“गुणाची हुती,” म्हणाले आणि ओव्हनला कुंकू लावलं. मी दार उघडून आत बघितलं. सकाळपासून किती वेळा बघितलं होतं कोण जाणे. आत काही नव्हतं.