पेटीला कूलरचा वारा

नागपुरात एप्रिल लागला की ऑफिसातल्या माणसाचं वजन तो कूलरपासून किती लांब बसतो यावरून कळतं. मी कूलरच्या थेट समोर बसत असे. वजन काही नव्हतं, नुसता हट्ट होता.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. क्षयाच्या रोग्यांची थुंकी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नवीनच लागले होते. धरमपेठेत वाढलेली, एम.एस्सी. झालेली, खळ दिलेल्या साडीची घडीसुद्धा मोडू न देणारी. माणसं हातात डब्या घेऊन सकाळपासून रांगेत उभी असत आणि मी त्यांच्यापुढून अशी जात असे, जणू माझ्या स्वागतालाच जमली आहेत. ती मुलगी आज दारात आली तर मी तिला पन्हं देईन, पण कूलरपासून लांब बसवून.

आमच्याकडे एक बाई होत्या. वयाने माझ्या आईच्या बरोबरीच्या. नवरा कोराडीच्या वीजकेंद्रात, म्हणून राहायला तिथल्या क्वार्टरमध्ये. रोज बसने यायच्या, आणि आल्या की आधी नळाखाली चेहऱ्यावरची वीजकेंद्राची कोळशाची राख धुवायच्या. अंड्याचा बलक घातलेल्या पोषक मिश्रणावर क्षयाचे जंतू बाटलीत वाढवायचे, हे काम त्यांच्यासारखं कुणाला जमत नसे. पण ते काम व्हायचं उघड्या टेबलावर. बाटली उघडली, नमुना ढवळला की जे काही हवेत उडेल ते समोरच्याच्या नाकात. वर्षानुवर्षं बाई त्या टेबलाशी बसल्या आणि शेवटी त्यांच्याच छातीच्या फोटोत डाग निघाला.

लांब रजा झाली, इंजेक्शनं झाली, बाई बऱ्या झाल्या. त्यांना परत यायचं होतं ते त्याच कामावर. आमच्या सरांनी मात्र साफ सांगितलं, "पेटी आली आणि नीट चालली, तर या. नाही तर स्टोअरमध्ये बसा, बाटल्या मोजा. उघड्या टेबलावर मी तुम्हाला पुन्हा बसू देणार नाही."

पेटी म्हणजे सुरक्षा कॅबिनेट. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण आम्ही सगळे पेटीच म्हणत असू. कपाटाएवढं लोखंडी खोकं, पुढे तिरपी काच, काचेखाली हात घालण्यापुरती फट. वरचा पंखा त्या फटीतून हवा आत ओढतो, जाड फिल्टरमधून गाळतो आणि पाइपाने बाहेर सोडतो. हवा सतत आतच जात असली की बाटलीतलं काही बाहेर येत नाही. एवढंच तिचं काम.

पेटी बसवायला मुंबईहून एक इंजिनिअर आले. दोन दिवस खोलीभर फिरत होते. दार उघडून बघ, खिडकी लावून बघ, छताचा पंखा बंद करून बघ. शेवटी त्यांनी आतला कोपरा निवडला. पेटीची पातळी साधली, झरोक्यातून पाइप काढला आणि जाताना मला म्हणाले, "मॅडम, हिच्या तोंडासमोर हवा हलता कामा नये. आणि हिला हलवू नका."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तेव्हा फार हुशार होते.

बाई यायला अजून आठवडा होता. तोवर पेटीची देखभाल माझ्याकडे, म्हणजे आतून पुसणं, दिवा लावणं, पंखा चालू करून पाहणं. आता त्या कोपऱ्याचं वर्णन काय करू? पश्चिमेची भिंत दुपारभर तापायची. पेटीचा पंखा फिरला की खोलीतली सगळी आग त्या फटीकडे धावते आहे असं वाटायचं. माझी साडी अर्ध्या तासात पोतेरं. आणि दहा पावलांवर माझा कूलर, नवं गवत लावलेला, ओल्या वाळ्याचा वास सोडत, माझ्याशिवाय एकटा.

मग मी विचार केला. हीच तर चूक. माझा विचार असा की पेटीला हवा लागते आणि कूलर हवा देतो. एक ओढतो, एक ढकलतो. दोघांना जवळ आणलं तर पेटीचं काम हलकंच होईल! हे मी सरांना खडूने फळ्यावर बाण काढून समजावलं. सरांना बैठकीला जायचं होतं. त्यांनी बाणांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, बघा." मी बघितलं. वर्कशॉपमधून माणसं बोलावली, पेटी ढकलत कूलरशेजारी खिडकीशी आणली, पाइप वाकवून खिडकीबाहेर काढला. काम झाल्यावर कूलर पूर्ण जोरात लावून मी पेटीपुढे बसून पाहिलं. स्वर्ग! पदर उडत होता.

सोमवारी बाई आल्या. चेहरा धुतला, पेटीला एक फेरी मारली. मग पिशवीतून नारळ, कुंकू, अर्धं केळं आणि उदबत्त्या काढल्या.

"नवी मशीन हाय," त्या म्हणाल्या, "बिनपूजेची कशी चालवतं?"

सर आले, शेजारच्या खोलीतले आले. बाईंनी काचेला कुंकवाचं बोट लावलं. केळ्यात उदबत्ती खोचली आणि केळं पेटीच्या तोंडाशी, फटीच्या आत ठेवलं. मी ऐटीत पंखा चालू केला. कूलर तर चालूच होता.

धूर सरळ वर गेला, वीतभर. मग थबकला. मग वळला आणि फटीतून बाहेर, हात जोडून उभ्या असलेल्या बाईंच्या तोंडावर.

बाई खोकल्या.

इतर कुठल्याही ऑफिसात बाई खोकल्या तर कुणी पाणी आणलं असतं. आमच्याकडे सगळे एक पाऊल मागे सरले. सरांचे जोडलेले हात तसेच राहिले. बाईंनी पदर तोंडाला लावला, आणि त्या घाबरल्या होत्या. ते डोळे मला अजून दिसतात.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "उदबत्ती दमट असेल."

"उदबत्ती चांगली हाय वं," बाई पदराआडून म्हणाल्या. "धूर माह्याकडे येऊन राहिला, तो काहून?"

"नवी आहे ना पेटी. जरा रुळू द्या."

"पेटी काय नवी नवरी हाय का, रुळाले?"

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. ते चालत गेले आणि कूलरचं बटण बंद केलं. कूलर घरघरत थांबला आणि उदबत्तीचा धूर, सुतासारखा सरळ, पेटीच्या आत ओढला जाऊ लागला. सरांनी कूलर लावला. धूर बाहेर. बंद केला. धूर आत. फळ्यावर माझे बाण अजून होते. पुसायचं मला सुचलं नव्हतं.

"पेटी कोपऱ्यात होती ना?" सरांनी विचारलं.

"हो."

"मग इकडे कशी आली?"

सरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांना ते सगळ्यांसमोर माझ्या तोंडून हवं होतं. मी म्हणाले, "तिकडे फार उकडतं, सर."

इतक्या लहान वाक्याची इतकी लाज मला पुढे आयुष्यात कधी वाटली नाही. उकडतं! समोर एक बाई फुप्फुसाचा डाग वाळवून आली आहे, आणि मला उकडतं. आजार बाटलीतून नाकापर्यंत कसा जातो हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, चांगले मार्क मिळवले होते. वारा लागला की मात्र सगळं उडून गेलं, पदरासारखं.

बाईंनी कुंकवाची पुडी बांधली. मला वाटलं रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मीच बसली असती इथं. उद्यापासून." आणि केळं उचलून नेलं.

पेटी परत कोपऱ्यात गेली, पण ढकलाढकलीत तिचं अंग हललं होतं. इंजिनिअर येऊन तपासेपर्यंत तिच्यात एकही बाटली उघडायची नाही, असा सरांचा हुकूम झाला. मुंबईला कळवलं. तिकडून उत्तर यायला वेळ, माणूस यायला त्याहून वेळ. तोवर बाई स्टोअरच्या टेबलाशी. त्यांची भीती मला ठाऊक होती. तात्पुरतं म्हणून तिथे बसवलेलं माणूस कायमचं तिथेच राहतं. त्या बाटल्या धुवायच्या, पुसायच्या, उजेडात धरायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. स्टोअरचं दार नेमकं माझ्या टेबलासमोर. कूलर तर सरांनी उचलून कारकुनांच्या खोलीत लावला होता.

मी घामाने निथळत असले की दारातून आवाज यायचा, "काहून वं, उकडून राहिलं का?"

"नाही, ताई."

"नाई? मले तं वाटलं उकडते."

मी खाली मान घालून काचपट्ट्या पाहायची. एकदा डबा उघडून त्यांच्यापुढे गेले, आईने केलेली वडाभाताची वाटी द्यायला. त्यांनी ती घेतली, खाल्ली, वाटी धुऊन परत दिली. वडे छान झाले होते म्हणाल्या. बाकी काही नाही. माफी मागायला गेलेल्या माणसाला नुसते वडे छान झालेत असं सांगितलं की तो परत कसा चालत येतो, ते मला विचारा.

मे सरताना नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला आणि इंजिनिअर उगवले. पाइप पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "कुणी वाकवला हा?" मी म्हणाले, "मी." ते माझ्याकडे नुसते बघत राहिले, बहुधा मनगटं किती जाड आहेत ते. फिल्टरच्या कडेची रबरी पट्टी एका बाजूने सरकली होती. ती त्यांनी नवी बसवली, पाइप बदलला, पातळी पुन्हा साधली. हवेचा ओढा तपासायची त्यांच्याजवळची धुराची नळी संपली तेव्हा बाईंनीच उदबत्ती पुढे केली. "आत नको, फिल्टर उगाच भरेल," ते म्हणाले. "बाहेरून धरा. फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"तिले धरू द्या," बाई म्हणाल्या. "वाऱ्याचं तिलेच कळते."

मी धरली. धूर फटीजवळ गेला की सगळीकडे आत जात होता, डाव्या कोपऱ्यात, मधे, उजव्या कोपऱ्यात. बाई प्रत्येक ठिकाणी वाकून पाहत होत्या. इंजिनिअरवर त्यांचा विश्वास होता, माझ्यावर नव्हता, आणि उदबत्ती माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी बाईंना पेटीपुढे बसायची परवानगी दिली. बाईंनी मास्क बांधला, बाह्या सारख्या केल्या, पण बाटली उघडेनात.

"लाव वं," त्या म्हणाल्या.

मी उदबत्ती लावली आणि फटीपुढून सावकाश नेली. धूर आत गेला. मग बाईंनी हात आत घातले, पहिल्या बाटलीचं टोपण फिरवलं, आणि इतक्या महिन्यांनी तो हात जसा चालला ना, जसा कधी थांबलाच नव्हता! मी शेजारी उभी. दोघींच्या मानेवरून घाम ओघळत होता.

त्या दिवसापासून बाई निवृत्त होईपर्यंत, रोज सकाळी, त्यांनी पहिली बाटली उघडण्याआधी उदबत्ती मी फिरवायची असा नियम झाला. नव्या मुली विचारायच्या, ही कसली पूजा? बाई सांगायच्या, "विचारा मॅडमले." आणि मला प्रत्येक नव्या मुलीला कूलरची गोष्ट सगळी सांगावी लागायची, बाणांसकट. एखादा बाण गाळला की बाई पेटीतले हात न हलवता तो भरून काढायच्या.

त्या पहिल्या दिवशी मात्र, तिसरी-चौथी बाटली झाल्यावर, त्या काचेतून नजर न काढता म्हणाल्या, "जाय आता. कारकुनांकडे बसून ये जराशी. कूलर हाय तिथं."

मी म्हणाले, "नको, ताई. मी इथेच उभी राहते."

"जाय म्हणतो ना! तुह्या घामाचा थेंब पडन इथं."

गेले. कारकुनांनी सरकून जागा दिली. वाळ्याचा वास, ओला गार वारा, पदर पुन्हा उडायला लागला. मी तो दोन्ही हातांनी गच्च धरून बसले होते.